आधी ब्रेक दाखव!

गाड्यांच्या बाबतीत सध्या आपल्याकडे दोन पक्ष आहेत. (ते राजकारणातले नव्हेत. ते फुटून किती झाले, हे मोजायचं मी केव्हाच सोडलंय.) पहिला पक्ष म्हणतो, गाडी दिसली पाहिजे. दुसरा म्हणतो, गाडी पळाली पाहिजे. भोरच्या एसटी स्टँडबाहेर, कापूरहोळला, नसरापूरला चेलाडी फाट्यावर, पार वेल्ह्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसा. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते हजर असतात. एकाला अलॉय व्हील हवीत, रंगीत रॅप हवा, छतावर दिव्यांची माळ हवी. दुसरा त्याला हसतो आणि म्हणतो, "अरे, नुसता शो काय कामाचा? रिमॅप कर, एग्झॉस्ट बदल, मग बघ!" तासन् तास वाद. शेवटी चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर तो मिटतो.

आता माझं मत सांगते. दोघंही चूक आहेत, आणि एकाच कारणासाठी चूक आहेत. दोघांनाही वाटतं की गाडी म्हणजे गाडीत बसलेला आणि त्याची गाडी, एवढंच जग. रस्ता, समोरून येणारा, कडेने चालणारा, मागे झोळीत झोपलेलं पोर... हे कोणी त्यांच्या हिशोबातच नाही.

लगेच ऐकू येईल, "बाई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" बरोबर आहे. मी बी.ए. मराठी. आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पण नोकरीची सगळी वर्षं एसटीच्या बाकावर, वडापच्या जीपमध्ये आणि ते नसेल तेव्हा पायी, अशी मी याच रस्त्यांवर काढली आहेत. गाडी चालवणाऱ्याला गाडी जेवढी कळते, तेवढीच रस्त्याच्या कडेला उभं राहून जीव मुठीत धरणाऱ्यालाही कळते. फक्त दुसऱ्या बाजूने. आणि पाढे मला अजून येतात. या लेखात जो काही हिशोब आहे तो सातवीच्या पलीकडचा नाही.

(आमच्या घरातली तरुण मंडळी हे वाचणार याची मला कल्पना आहे. नावं घेतलेली नाहीत. ज्याला टोपी बसेल त्याने ती घालावी.)

पक्ष पहिला: दिसली पाहिजे

नटण्यामुरडण्याच्या मी विरोधात नाही. आपण नटवणारी माणसं आहोत. बेंदूर असो की पोळा, बैलाच्या शिंगांना हिंगूळ लागतो, शेंब्या बसतात, पाठीवर झूल पडते, गळ्यात घुंगरं, कपाळाला बाशिंग. ट्रकवाले काय कमी नटवतात? मागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर तर आपल्या राज्यात २०१५ साली बंदी आली, कारण ते वाचून लोक खरंच हॉर्न वाजवत सुटतात, असं सरकारचं म्हणणं. तेव्हा हौस ही काही आजच्या पोरांनी शोधून काढलेली नाही.

पण बैल सजवण्याची रीत नीट आठवा. आदल्या संध्याकाळी काय असतं? खांदेमळणी. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढलं तो खांदा आधी हळद-तेल लावून मळायचा. तिथे काही दुखलंय का, सुजलंय का, ते हाताने बघायचं. रंगरंगोटी दुसऱ्या दिवशी. म्हणजे आधी कामाचा भाग, मग शोभेचा. आणि मिरवणूक झाली की झूल खुंटीला. नांगराला जुंपताना कोणी बैलाच्या डोळ्यांवर बाशिंग ठेवत नाही.

आता आजची गाडी बघा. खांदेमळणी नाही, थेट बाशिंग. आणि तेही डोळ्यांवर! काचांना काळी फिल्म. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये या फिल्मवर बंदी घातली. नियम असा आहे की पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. पण आपल्याकडे फिल्म म्हणजे वजन. आत कोण आहे हे कळलं नाही की बाहेरच्याने घाबरावं, अशी अपेक्षा. त्या वजनापायी संध्याकाळी चालवणाऱ्यालाच कडेचं माणूस दिसत नाही, त्याचं काय?

मग पुढचं ते लोखंडी शिंगाडं. बुलबार की क्रॅश गार्ड म्हणतात ते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून सांगितलं की हे बेकायदा आहे, कारवाई करा. कारण साधं आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा असाच बनवलेला असतो. तो चेपतो तेव्हा धक्का त्यात जिरतो आणि आतला माणूस वाचतो. पुढे लोखंड ठोकलं की धक्का जिरत नाही, तो सरळ आत येतो. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेचाही त्याने घोटाळा होऊ शकतो. आणि पायी चालणाऱ्याला त्या पाईपचा मार बसला तर काय होतं, ते मी लिहीत नाही. म्हणजे ज्या वस्तूला 'गार्ड' म्हणतो ती आपल्या बंपरचं रक्षण करते आणि माणसांचं नुकसान. बंपर काही हजारांचा असतो. माणसाची किंमत तुम्हीच लावा.

आणि स्नॉर्कल! हे मला एका विद्यार्थ्यानेच समजावून सांगितलं. गाडी खोल पाण्यात घातली तर इंजिनाने पाणी ओढू नये म्हणून हवा घ्यायचं नळकांडं वर छतापर्यंत नेतात. उत्तम कल्पना आहे. ज्या काळात पावसाळ्यात आमच्या ओढ्या-नद्यांवर पूल नव्हते, त्या काळात मिळालं असतं तर आम्ही त्याची पूजा केली असती! तेव्हा माणसं एकमेकांचे हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून जात होती. आता पूल झाले आणि स्नॉर्कल आलं. ते लावलेली गाडी नसरापूरहून बनेश्वरला जाते, दर्शन घेते, मिसळ खाते आणि परत येते. वाटेत पाणी लागतं ते फक्त बाटलीतलं.

तिची जात बहुधा थार. २०१० साली पहिली आली, २०२० साली नवी आली, बनते आपल्याच नाशिकला. नाव वाळवंटाचं आणि मिरवते मढे घाटाच्या धुक्यात. असो. नावावर माझा राग नाही, आणि गाडीवरही नाही. गाडी कंपनीतून निघते तेव्हा शहाणी असते. वेड तिला आपण लावतो.

पक्ष दुसरा: पळाली पाहिजे

या पक्षातली मुलं स्वतःला जरा वरच्या इयत्तेतली समजतात. "आम्ही दिखाऊ नाही, आम्ही परफॉर्मन्सवाले." ठीक. मग परफॉर्मन्सचीच परीक्षा घेऊ.

प्रश्न पहिला, सायलेन्सर. बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवला की फटाके फुटतात, आणि फटाके फुटले की गाडीत ताकद आली असं समजतात. आवाज म्हणजे ताकद हे जर खरं असतं, तर आमच्या वर्गातला शेवटचा बाक दरवर्षी बोर्डात पहिला आला असता. आता आकडे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला नियमाने सुमारे ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल हे माप फसवं असतं. ८० चे ९० झाले तर ते दहा टक्क्यांच्या आसपास वाढले असं वाटतं. प्रत्यक्षात आवाजाची ऊर्जा दहापट झालेली असते. वस्तीत रात्री ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. आमच्या खेड्यात रात्री नऊनंतर कुत्र्याच्या भुंकण्याशिवाय आवाज नसतो. तिथे हा दहापट बहाद्दर दोन वाजता जातो आणि हृदयविकाराचं माणूस अंथरुणात उठून बसतं. हा परफॉर्मन्स? पुण्यात, मुंबईत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला, ते फोटो तुम्हीही पेपरात पाहिले असतील. मला तो रोडरोलर फार आवडला. खऱ्या अर्थाने हेवी परफॉर्मन्स!

प्रश्न दुसरा, मोठे टायर. हा हिशोब सातवीच्या मुलाला घालते. गाडीचा काटा चाक किती वेळा फिरलं यावरून वेग दाखवतो. तुम्ही दहा टक्के मोठ्या घेराचं चाक बसवलं. काटा ६० दाखवतोय. खरा वेग किती? ६६. आणि थांबवण्यासाठी ब्रेकला जी शक्ती जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ६६ भागिले ६० म्हणजे १.१. त्याचा वर्ग १.२१. म्हणजे ब्रेकला एकवीस टक्के काम जास्त, आणि चालवणाऱ्याला वाटतंय आपण साठनेच चाललोय. त्यात चाक मोठं झालं की तेवढ्याच ब्रेकची पकड जमिनीपाशी कमी पडते, आणि इंजिनाची ओढही. म्हणजे 'परफॉर्मन्स'साठी जे केलं त्याने गाडी चढाला दमते आणि उताराला आवरत नाही. वर लिफ्ट किट लावून गाडी उंच केली असेल तर वळणावर कलंडायची सोय वेगळी. भोरहून महाडला जाणारा वरंधा घाट काय आहे हे ज्याला माहीत आहे त्याला यापुढे सांगायची गरज नाही. दरडींमुळे पावसाळ्यात जो रस्ता बंद ठेवावा लागतो, तिथे उंची वाढवलेली गाडी घेऊन हा कोणाला काय सिद्ध करून दाखवणार आहे?

प्रश्न तिसरा, दिवे. (हा विषय दोन्ही पक्षांच्या युतीचा.) साध्या बल्बसाठी बनवलेल्या हेडलाईटच्या वाटीत तिप्पट उजेडाचा एलईडी कोंबला की उजेड रस्त्यावर पडत नाही, चौफेर उधळतो. समोरच्याच्या डोळ्यात जातो. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. डोळे दिपले आणि तीन सेकंद काही दिसलं नाही, तर समोरचा माणूस पन्नास मीटर आंधळा चालला. पन्नास मीटरमध्ये आमच्या अर्ध्या वाडीची घरं येतात.

मग परफॉर्मन्स कशाला म्हणायचं?

हा खरा प्रश्न आहे, आणि उत्तर शोधायला परदेशी रेसच्या चित्रफिती बघायची गरज नाही.

पहाटे साडेचारला दुधाचे कॅन भरून निघणारा पिकअप रोज, पावसात, धुक्यात वेळेवर पोचतो. तो परफॉर्मन्स. इंद्रायणीची पोती लादून उतार उतरताना ज्याचा ब्रेक तापून सुटत नाही, तो परफॉर्मन्स. २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आली. त्याआधी, आणि डोंगरातल्या धनगरवाड्यांवरून रस्त्यापर्यंत आजही, आजाऱ्याला झोळीत घालून खांद्यावरून आणतात. त्या झोळीपुढे जी गाडी वेळेत येऊन उभी राहते आणि खड्ड्यात न आपटता दवाखान्यात पोचते, तिच्यापुढे कुठली रेसगाडी?

एसटीचं उदाहरण घ्या. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर (आता अहिल्यानगर) मार्गावर पहिली गाडी सुटली. पुढे दापोडीच्या कार्यशाळेत कंपनीकडून आलेल्या चॅसीवर आपल्या लोकांनी आपल्या रस्त्यांना आणि आपल्या माणसांना सोसेल अशी बॉडी बांधली. टपावर सामान ठेवायची सोय, चढायला मागे शिडी, पुढे गावाची पाटी. यालाही मॉडिफिकेशनच म्हणायचं की! पण ते कोणासाठी होतं? आतल्या चाळीस-पन्नास जणांसाठी. बैलगाडीची लोखंडी धाव काढून रबरी टायर बसवला आणि 'डनलॉप' गाडी झाली, तेही मॉडिफिकेशन. बैलाचं ओझं हलकं झालं, ओढणाऱ्याच्या खांद्याला आराम मिळाला. पायाने अधू माणसाच्या स्कूटरला दोन चाकं जास्तीची जोडून देणारा मेकॅनिक माझ्या मते या तालुक्यातला सगळ्यात मोठा इंजिनिअर आहे. बदलाला माझा विरोध नाही. बदल कोणासाठी, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून जुन्या काळाचं उगाच कौतुकही करणार नाही. आमच्या वडापच्या जीपा मागून वाढवलेल्या असायच्या, समोरासमोर बाक टाकलेले, नऊ जणांच्या जागी अठरा, चारजण मागे लोंबकळत आणि दोघे बॉनेटवर. ते पोटासाठी होतं, पण सुरक्षित मुळीच नव्हतं. फरक एवढाच की त्या ड्रायव्हरला गाडी वेडीवाकडी वाढवली आहे हे ठाऊक असायचं आणि तो भीत-भीत चालवायचा. आजच्या हिरोला भीती नाही, आणि ठाऊकही नाही.

राजगड कोणत्या पक्षाचा?

आता 'दिसणं विरुद्ध पळणं' हा वादच कसा खोटा आहे ते सांगते. त्यासाठी घरचंच उदाहरण आहे.

राजगडाची संजीवनी माची बघा. दुहेरी तटबंदी, चिलखती बुरूज. मान वर करून बघताना डोळ्याचं पारणं फिटतं. जगभरातून लोक ती बघायला येतात. ती कोणी शोभेसाठी बांधली? एक तट पडला तर दुसरा उभा असावा, शत्रू मधल्या बोळात सापडावा, कमी माणसांत जास्त काळ लढता यावं, म्हणून तशी बांधली. डोंगराच्या सोंडेला जसं वळण आहे तसं तटाला वळण दिलं. एकही दगड मिरवायला ठेवलेला नाही, आणि तरी, किंबहुना म्हणूनच, ती देखणी आहे. तिथे स्टाईल आणि परफॉर्मन्स असे दोन पक्ष नाहीत. काम चोख केलं आणि देखणेपण आपोआप उतरलं.

विळा, कोयता, नांगराचा फाळ, पाण्याची घागर, सगळ्यांचं हेच. जी वस्तू कामाला नेमकी बसते ती सुंदर दिसते. ज्या वस्तूला सुंदर दिसण्यासाठी वरून काही चिकटवावं लागतं, तिचं कामात काहीतरी बिघडलेलं असतं.

आणि हे मी मुद्दाम लिहितेय. महाराजांचं चित्र मागच्या काचेवर लावून, त्याच काचेतून मागचं काही दिसू नये अशी व्यवस्था करून, तोरण्याच्या पायथ्याशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या मावळ्यांना विचारायचं आहे. राजगडावर पंचवीसएक वर्षं राजधानी होती. महाराजांचे हुकूम सुटत तेव्हा रयतेच्या भाजीच्या देठालाही धक्का लावू नका अशी शिस्त असे, असं आपण शाळेत शिकवतो. तुम्ही रयतेच्या पोरांना गटारात उडी मारायला लावता, आणि वर चित्र महाराजांचं? चित्र काढा, नाहीतर वेग कमी करा. दोन्ही एकत्र चालणार नाही.

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवलं. नावाचा मला आनंदच आहे. पण हळूच म्हणते, हीही एक स्टाईलच झाली. परफॉर्मन्स म्हणजे रस्त्याला कठडे, वळणावर आरसा, शाळेपाशी गतिरोधक. ते झालं की मी स्वतः पेढे वाटीन.

'आमचा पैसा, आमची गाडी'

हे नेहमीचं उत्तर. पैसा तुमचा, गाडी तुमची, मान्य. रस्ता कोणाचा? घरात तुम्ही उलटं झोपा, आम्ही विचारणार नाही. गाडी फाटकाबाहेर आली की ती सगळ्यांची काळजी होते. म्हणून तर कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'दर बदलामागे' हे शब्द दोनदा वाचा आणि आपल्या गाडीभोवती एक चक्कर मारून मोजा. शिवाय विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो, तेव्हा बापाची जमीन विकायची पाळी येते.

दुसरं उत्तर, "सरकारला काही कळत नाही, कायदा म्हणजे हौसेचा खून." अजिबात नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवा, अपंगांसाठी गाडी बदलून घ्या, रंग बदला, आरटीओत नोंद करा. दरवाजा उघडा आहे. फक्त तपासणीतून जा. आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. हॉर्न किती वाजावा, दिवा कुठे पडावा, ब्रेक किती अंतरात लागावा याची तिथे शास्त्रशुद्ध परीक्षा होते. कंपनीची गाडी तिथून किंवा तशाच संस्थेतून पास होऊन येते. आणि ती पास झालेली गाडी आपण गल्लीतल्या शेडमध्ये नेऊन नापास करून आणतो. पैसे देऊन नापास होणारी पिढी मी पहिल्यांदाच बघते आहे.

तिसरं उत्तर, "मग रेसिंग करायचंच नाही का?" जरूर करा! बैलगाडा शर्यतीला वेगळा घाट असतो. तिथे पळायचा बैल वेगळा, छकडा वेगळा. शर्यतीचा बैल कोणी आठवडेबाजाराच्या गर्दीत सोडत नाही. त्या शर्यतीसाठी आपल्या लोकांनी किती वर्षं कोर्टात भांडण केलं! २०१४ ला बंदी आली, २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने निकाल दिला. सशर्त, हे लक्षात घ्या. मोटारींचंही तेच. ट्रॅकवर जा, हेल्मेट घाला, रस्ता बंद असू दे, कडेला रुग्णवाहिका उभी असू दे, आणि मग दाखवा काय दाखवायचं ते. तिथे पहिल्यांदा हेच शिकवतात की वेग वळणात घालवायचा नसतो, वळणाआधी ब्रेक मारायचा असतो. आमच्या रस्त्यावर हिरो झालेल्यांना ट्रॅकवर न्या, पहिल्या दहा मिनिटांत अर्धे गप्प होतील.

चौथं उत्तर जरा खरं आहे, म्हणून त्याला मान देते. "बाई, याच कामावर आमची गॅरेज चालतात. चार पोरांना रोजगार आहे." आहे, मला माहीत आहे. त्यातले काही माझेच विद्यार्थी. हात सोन्याचे आहेत त्यांचे. वेल्डिंग बघावं तर कारखान्यात शिकल्यासारखं. पण बाळांनो, हेच हात ब्रेकचे लायनर बदलायला, चाकांचं अलाइनमेंट करायला, शेतीची अवजारं आपल्या खाचरांना बेतायला का लागत नाहीत? तुम्ही म्हणाल, त्याला गिऱ्हाईक पैसे देत नाही. हेच तर माझं भांडण आहे, आणि ते तुमच्याशी नाही, गिऱ्हाइकाशी आहे. ब्रेकच्या दोन हजारांसाठी घासाघीस करणारा माणूस दिव्यांच्या माळेला वीस हजार एका फोनवर पाठवतो.

आमच्या नात्यातल्याच एकाचा मालवाहू पिकअप आहे. त्यावर घर चालतं. पुढे सहा जादा दिवे, मागे भलामोठा स्टिकर, आत निळा उजेड आणि छाती दणाणेल असे स्पीकर. मागच्या टायरवर हात फिरवून बघितला, नक्षी जवळजवळ पुसलेली. मी म्हटलं, "अरे, हे?" तर म्हणे, "दिवाळीनंतर बघू, मावशी." दिवाळीआधी पाऊस असतो, हे त्याला कोणी सांगायचं? त्या गाडीत पहाटे त्याच्या शेजारी त्याची बायको बसते, मांडीवर दोन वर्षांची पोर घेऊन. हा लेख खरं तर त्या पोरीसाठी आहे.

शनिवार-रविवारी शहरातून जे ताफे येतात त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ते संध्याकाळी परत जातात. सोमवारी सकाळी शाळेच्या रस्त्यावर जी गाडी पोरांच्या अंगावर चिखल उडवत जाते, ती आपलीच असते. तिचा नंबर आपल्याला पाठ असतो, चालवणाऱ्याचं आडनावही. तो कोणाचा तरी भाचा असतो म्हणून आपण गप्प बसतो. आणि पुढाऱ्यांचे ताफेही बघा. काळ्या काचा, फॅन्सी नंबर, लोखंडी शिंगाडी, सगळं रीतसर पुढे चालतं. पोरं पुस्तकातून शिकत नाहीत, समोरून जाणाऱ्या गाडीतून शिकतात. ही आमची छत्तीस वर्षांची गुरुकिल्ली, फुकट देते.

म्हणून वाचणाऱ्या सर्व भाऊ-भावजया, मावश्या, काका आणि दादांना माझी एक विनंती आहे. घरातलं पोरगं नवी सजवलेली गाडी दाखवायला आलं, की "वा, काय दिसतेय!" म्हणू नका. "किती पळते?" असंही विचारू नका. त्याला चार गोष्टी विचारा. टायर दाखव. ब्रेक शेवटचा कधी बघितला? डिपर मारला की दिवा खाली येतो का? आणि काच उघडी न करता तुला बाहेरची बाई दिसते का?

चारही उत्तरं नीट आली, तर खुशाल त्याच्या गाडीला हळद-कुंकू लावा, हार घाला, हवं तर रंगीत गोंडेही बांधा. खांदेमळणी झाली आहे, आता झूल घालायला हरकत नाही.